चौकटीतला बाण

अपडेट मीच केलं. नोल्बेर्तोकाकांना न विचारता.
सकाळी ते म्हणाले, "बाण आहे,
पण त्याच्या पोटातलं फेसबुक कुठं गेलं?"
चौकटीतून वर निघालेला बाण. दाबला
तर मेल, नोंदवही, आणि कसलंसं 'आणखी'.

चिलोएला, आचाओच्या धक्क्यावरून
बोट सुटणार की नाही
हे सहा वर्षं गावाला त्यांच्याकडूनच कळायचं:
हवामानाचं पान, बाण, गाव. झालं.

मी म्हटलं, लिंक कॉपी करा, तिथं नेऊन चिकटवा.
त्यांनी 'चिकटवा' एवढंच ऐकलं.

तिरप्या रेघा, टिंबं, प्रश्नचिन्ह, अठ्ठावीस आकडे,
जीभ दातांत धरून पेन्सिलीनं कागदावर उतरवले,
आणि एर्मेलिंदाच्या बेकरीच्या दारावर
तिच्याच पिठाच्या खळीनं डकवले.

एक आकडा चुकला.
दुपारपर्यंत कुणाच्याच फोनवर पान उघडेना.

संध्याकाळी आमच्या उंबऱ्याशी ओल्या बुटांचा ढीग.
"नोल्बेर्तो, उद्या बोट आहे का?"

काका खिडकी उघडून वारा हुंगतात,
सांगायची घाई करत नाहीत.
किटली तिसऱ्यांदा चुलीवर.

जुनी आवृत्ती परत टाकता येते मला.
अजून बोललो नाही.