पंचविसावं पान

फुस्तातच्या प्रार्थनाघरात माझ्या ताब्यात फक्त शिडी असते.
किल्ली थोरल्या खलफोनकडे,
दिव्याचं तेल त्याच्या मेहुण्याकडे.
बायकांच्या सज्ज्याच्या टोकाला, उंच भिंतीत, एक भोक आहे.
देवाचं नाव असलेला कागद फाटला
तर तो जाळायचा नाही, तुडवायचा नाही.
मी शिडी लावतो, चढतो, आत सोडतो.
पडल्याचा आवाज येत नाही आता.
इतकं साचलंय.

काल नजीबा आली. सहलान नक्कलनवीस गेला त्याची बायको.
कांद्याच्या टोपलीतून तिनं बाड काढलं,
शिवण उसवलेलं, कडा उंदरांनी खाल्लेल्या.
म्हणाली, हेही आत टाक.

मी गुरुजींना विचारायला गेलो.
ते जेवत होते. बाडाकडे न बघताच ओळखलं त्यांनी.
पंक्तीत चोवीस पानं मांडली, म्हणाले,
आपल्या आधीच्यांनी, मोजून.
हे दारात उभं होतं, हे खरं.
बसवलं नाही, हेही खरं.
मग मला नियम सांगितला, लहान मुलाला सांगावा तसा:
पवित्र ग्रंथाला हात लागला की हात विटाळतात.
ह्यानं विटाळत नाहीत.

मी शिडीवाला माणूस.
मला हे कायम उलटं वाटत आलंय.
ज्याच्यानं विटाळ होतो ते सोवळं,
आणि ज्याला खुशाल हात लावावा
ते बाहेरचं.

तसं त्यात वावगं काही नाही.
एक म्हातारा बाप मुलाशी बोलतो,
मित्र कसा पारखावा, दारू कुठं थांबवावी,
उसने दिलेले पैसे भांडण न करता कसे मागावेत.
गुरुजीच लग्नांत त्यातली वाक्यं टाकतात,
फक्त आधी म्हणतात, "लोक म्हणतात की".

परत आलो तर नजीबा शिडीच्या खालच्या पायरीवर बसलेली.
मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, रडलीही नाही.
शेवटची दहा पानं माझ्या हातची आहेत, म्हणाली.
त्याला दिसेनासं झालं होतं. तो बोलायचा, मी लिहायची.
बघ, अक्षर उताराला लागतं.
आणि बोटं पुढे केली.
मधल्या बोटाच्या पेराशी काळा डाग, जुना.
राख लावली, लिंबू चोळलं, म्हणाली. तुझ्या गुरुजींना विचार
ह्याला काय म्हणतात.

मी विचारलं नाही.
शिडी लावली.
आत काय काय आहे ते मलाच माहीत:
तोऱ्याचे तुकडे, घटस्फोटाचे कागद,
खाटकाची उधारी, ताप उतरायचा ताईत,
कुणा पोराची बाराखडी, मध्येच उंट काढलेला.
तिथं कुणी पंक्ती मांडत नाही.
जे जसं पडलं तसं शेजारी.

"आवाज आला का?" खालून तिनं विचारलं.
आला, म्हणालो.

एक पान मात्र मी ठेवून घेतलं.
उसन्या पैशांचं.
तेलवाल्याकडे माझे तीन दिरहम आहेत, दोन वर्षं झाली.
मला धड वाचता येत नाही. पोरगा लावून वाचतो.
शुक्रवारी दिवे लागले, बायकोनं पाव झाकून आणला
आणि चटईवर जागा शोधू लागली.
ते पान तिथंच पडलं होतं.
ती म्हणाली, ह्यावर ठेवू?
मी म्हणालो, थांब.
मग किती तरी वेळ
मला पुढचं काही सुचलं नाही.