पहिली ओळ

कॅनडा कॉर्नर, तिसरा मजला, संध्याकाळची बॅच.
पंखा एकाच रांगेला वारा घालतो
आणि देवयानी खैरनारच्या स्क्रीनवर लाल रेघ.
"सर, मी वरच्या क्लासला हातच लावला नाही.
फक्त माझा लिहिला. स्कूटर, वाहनापासून पुढे."

लावला नाहीस, म्हणूनच.
तू सुपर लिहिलं नाहीस तरी
कंपायलर तुझ्या वतीने हाक मारतोच,
रिकाम्या कंसाची.
बरेच वडील तेवढ्यावर उठतात.
हे वाहन उठत नाही,
त्याला चेसिस नंबर लागतो. तो दे.

तिने दिला. पण चौथ्या ओळीत.
आधी बॅटरी भरली, रंग दिला,
"तयार" असं छापूनही टाकलं.
पुन्हा लाल.

पहिली ओळ, म्हटलं. त्याच्याआधी काही नाही.
नव्या जावात थोडी सूट आहे म्हणे:
हिशेब करा, नंबर तपासून घ्या,
फक्त स्वतःला अजून शिवायचं नाही.
आमच्या लॅबमधली मशिनं जुनी आहेत.

मार्चमध्ये अण्णांना रामकुंडावर नेलं.
गाडीत मडकं माझ्या मांडीवर,
द्वारकेच्या सिग्नलला ते कलू नये म्हणून
दोन्ही हात लावलेले.
गुरुजींनी लांबट वही उलगडली,
गाव विचारलं, आडनाव विचारलं.
मी माझं नाव सांगू लागलो,
आयडी कार्डावर असतं तसं, अख्खं.
"तुमचं शेवटी," ते म्हणाले. "पणजोबा?"

मला येईना.
मागून काका घसा खाकरून म्हणाले, संभू.
मग शाईत उतरले संभू, त्यांच्याखाली धर्मा,
त्यांच्याखाली अण्णा, एवढ्या लहान अक्षरांत
की मी चष्मा पुसला.
माझ्या सहीला उरली कोपऱ्यातली जागा.

अण्णांचे काही रकाने प्रायव्हेट होते.
सातपूरच्या कारखान्यातली ती एकोणीस वर्षं,
बंद पडलेलं गेट, त्यानंतरचे गप्प रविवार.
माझ्यात ते सगळं आहे,
जागा धरून आहे,
पण नाव घेऊन मागितलं तर मिळत नाही.
त्यांनी दिलेल्या एखाद्या मेथडमधून
कधीतरी थोडं बाहेर येतं:
मी पाना कसा धरतो, वगैरे.

देवयानीने ओळ वर नेली. रन केलं.
काळ्या पडद्यावर आधी "वाहन तयार",
त्याखाली "स्कूटर तयार".
"पण सर, हाक तर स्कूटरने मारली ना?
मग वाहन आधी कसं?"
मी वहीचं सांगणार होतो.
सांगितलं नाही, फक्त म्हणालो, असंच असतं.

"आणि वाहनाच्या वर?"
ऑब्जेक्ट.
"त्याच्या वर?"
कुणी नाही. तो कुणाला हाक मारत नाही.

ती थोडी थांबली, पेन ड्राइव्ह काढला,
सिडकोची बस सव्वाआठची.
दारातून वळून म्हणाली,
"मग त्याला कसं कळतं, सुरुवात कुठून करायची?"