लाल दिव्याची गाडी

वाटणीच्या कागदावर फ्रिज होता, दिवाण होता,
दोन समया, त्यातली एक टवका गेलेली,
इस्त्रीचं टेबलसुद्धा.
येझदी कुणाच्याच यादीत नव्हती.
रामबागेत आमच्या जिन्याखाली
अकरा वर्षं एका पायावर उभी,
अंगावर जुना पडदा,
सीटमध्ये उंदरांचा संसार. तोही पुढे मोडला.

गेल्या दिवाळीपासून माझे रविवार तिला दिलेत.
टाकी घासली, कार्ब्युरेटर उकळून काढला,
क्लचच्या तारेसाठी अर्धं सियागंज पालथं घातलं.
आता सुरू होते. पण भंवरकुव्यापर्यंत जाते
आणि हॉर्न घोगरा होतो,
मग मुका,
मग ती स्वतःच.
आवक नाही, जावक चालू.
पतपेढीत एकवीस वर्षं मी अशीच खाती बघते,
घरचं तेवढं उशिरा उघडलं.

शर्वरी मल्टिमीटर धरते.
"सहा पॉइंट एक."
मी किक मारते. धूर,
कचरागाडीचं गाणं बुडवणारा फटफटाट.
मूठ पिळते.
"तेच, सहा पॉइंट एक. आणि आई, दिवा पण लालच."

हेडलाइटच्या डोक्यावरचा हरभऱ्याएवढा दिवा.
इंजिन वेगात आलं की त्यानं जायला हवं.
बाबांना जावई हवा होता लाल दिव्याच्या गाडीतला.
घ्या बाबा,
आता जातच नाही.

उजवीकडचं झाकण काढलं. आत काळी पूड.
एक ब्रश झिजून नखाएवढा,
दुसरा खोबणीत रुतून बसलेला,
तांब्याला टेकलाच नव्हता,
कधीपासून कोण जाणे. बाहेरून कळत नाही.
काचकागदानं तांबं उजळलं,
पट्ट्यांमधल्या चिरा हॅक्सॉच्या मोडक्या पात्यानं कोरल्या.
मुर्तझाभाईंनी अख्खा डबा गादीवर उलटा करून
नवे ब्रश शोधून दिले,
किंमत सांगितली, निम्मी घेतली,
वर म्हणाले, "दीदी, कटआऊट अभी मत बदलना.
पहले उसको याद दिलाना."

कोणाला? कसली?

त्यांनी पावतीच्या पाठीवर आकृती काढली.
फार वर्षं पडून राहिलं की डायनॅमोतलं लोखंड
आपण चुंबक होतो हे विसरतं.
चिमूटभर आठवण आत शिल्लक लागते,
तेवढ्या भांडवलावर वीज धंदा सुरू करते.
तीही नसेल तर बॅटरीवरून एक वायर
क्षणभर टेकवायची.
क्षणभरच. हट्टानं धरून ठेवलीत तर जळेल सगळं.

टेकवली.
निळी ठिणगी, आणि
बोटाला उगाचच वाटलेला चटका.
एवढंच?

पहिली किक वाया. दुसरीला चप्पल तुटली.
तिसरीला पकडलं
आणि शर्वरी तंबोल्याचे आकडे पुकारावेत तशी ओरडत सुटली:
सहा चार! सहा नऊ! सात! सात पॉइंट एक!
दिवा आधी फिकट,
मग नुसती तांबूस तार,
मग
"विझला! आई, विझला!"

वरच्या गॅलरीतून लिमयेकाकू, तोंडात कपड्यांचा चिमटा:
"विझला म्हणू नये गं,
शांत झाला म्हणावं."

मूठ सोडली. दिवा पुन्हा लागला.
पोरीचा चेहरा पडला.
अगं, हेही लिहिलंय पावतीवर, कोपऱ्यात,
मुर्तझाभाईंच्या गुजराती वळणाच्या अक्षरात:
हळू चालताना थोडा लागणारच. लागू द्यावा.

ऊन जिन्यापर्यंत आलंय.
झाकणाला दोन स्क्रू होते, एकच मिळतोय.
दुसरा बहुधा गेला
ओल्या कचऱ्यात.