दोन पांढऱ्या तारा

घर बांधताना वडिलांनी भिंतीत चार तारांची केबल टाकली,
कारण दोन तारांची त्या दिवशी
वसमत रोडच्या दुकानात नव्हती.
दोघी कामाला लागल्या.
उरलेल्या दोघी चौदा वर्षं प्लास्टरच्या आत
बिनपगारी बसून राहिल्या.

यंदा वरच्या खोलीला दुसरी लाइन मंजूर झाली,
गाठींचे भाव फॅक्सवर यावेत म्हणून.
लाइनमन खदीरभाई खांबापासून व्हरांड्यापर्यंत देणार,
आतलं मी करतो, म्हटलं. त्यात काय मोठं.
एप्रिलमधली परभणीची दुपार,
पंखा बंद, पेचकस घामाने निसटत होता.

रोझेटचं झाकण काढलं. आत कोळ्याचं रिकामं घर,
भिंतीचा चुरा, आणि चार तारा:
निळी आणि तिची पांढरी,
नारिंगी आणि तिची पांढरी.
मी पीळ सोडवले, सगळ्या सरळ केल्या,
दातांनी सालं काढली,
आणि मग दोन्ही पांढऱ्या सारख्याच दिसायला लागल्या.
एकीला इकडे घेतलं, एकीला तिकडे.
दोन्ही फोनना टोन आला.
मी स्वतःवर खूश.

रात्री साडेनऊला वर रिसीव्हर उचलला
तर टोनच्या मागे,
काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखा,
आवाज.
खाली आई धर्माबादला बोलत होती.
तेलुगूत.

तिचं माहेर तिकडचं, शेजारपाजार सगळा तेलुगू,
हे ठाऊक होतं मला. पण आमच्या घरात
तिने ती भाषा कधी काढलीच नाही,
रुखवतातल्या काचेच्या बरण्या
अजून माळ्यावर आहेत, तशी.
पलीकडची बाई तिला म्हणत होती, "एमे पिल्ला",
आणि आई, जी आमच्यात
तोंडाला पदर लावून हसते,
खळखळून हसली. मध्येच थांबली, परत हसली.
मला तीनच शब्द कळले:
माझं नाव, फोन, आणि करंट.
माझ्या नावानंतर दोघी जरा जास्तच हसल्या.

रिसीव्हर ठेवायला हवा होता.
ठेवला नाही.
दुसऱ्या रात्रीही नाही.

तिसऱ्या दिवशी खदीरभाई आले,
लूना निंबाला टेकवली,
टेस्टर कानाला लावून डोळे मिटले.
"साब, जोड्या फोडल्या तुम्ही.
दोनो सफेद एक सरीके दिखते, बरोबर,
पर ये देखना पडता, कौन किससे लिपटके आया."
पीळ शोभेला नसतो, ते म्हणाले,
पीळ असला की दोघींचं दोघींत राहतं.
"राहू द्या की, चालू तर आहे," मी म्हटलं.
त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं,
एकदा जिन्याकडे,
आणि पांढऱ्यांची अदलाबदल करून टाकली.
मग चहा घेतला. साखर कमी आहे, म्हणाले.

संध्याकाळी वर नुसता टोन.
घासून पालथं घातलेल्या पातेल्यासारखा स्वच्छ.

मी वरून खालचा नंबर फिरवला.
घंटी जिन्यातून ऐकू आली, तारेतूनही,
दोन्हींत बारीकसं अंतर.
"कोण बोलतंय?"
"एमे पिल्ला," मी म्हटलं.

काहीच नाही.
कुकरची एक शिट्टी.
मग तिने अगदी शाळेतल्या मराठीत सांगितलं,
"हा चुकीचा क्रमांक आहे,"
आणि फोन ठेवून दिला.

हसू मात्र जिन्याने वर आलं,
तारेबिरेची वाट न बघता.

पुढच्या खेपेला बिलं दोन आली.
खालचं जड होतं. एसटीडी, धर्माबाद,
सगळे कॉल रात्री नऊनंतरचे.
एवढं कशाचं झालं रे, वडिलांनी विचारलं.
फॅक्सचं, म्हटलं.