बैसा

हजार बैशांचा एक रियाल होतो.
रुवीत आले त्या आठवड्यात, करक चहाच्या टपरीवर,
सुटे म्हणून हातात आलेली शंभराची नोट
मी उलटसुलट करून पाहिली
आणि तिच्यावरचा शब्द मराठीतच वाचला:
बैसा.
जुनी माणसं पाहुण्याला म्हणत तसं.
बैसा, पाट मांडलाय, एवढी घाई कसली.

तीन वर्षांत एकही बसलेला नाही.

पगार पंचवीस तारखेला.
सव्वीसला संगमेश्वरहून आईचा फोन:
आज दोनशे एकोणीस आहे गं, थांब जरा,
बुधवारपर्यंत वीस होईल.
माझ्या आईने आयुष्यात बँकेची स्लिप भरलेली नाही.
आता वाटाणे भिजत घालता घालता
ती मला तेलाच्या पिंपाचा भाव सांगते.
रुपया पडला की आमच्या घरी आनंद होतो.
हे वाक्य मी एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं.
पलीकडच्या पलंगावरून शायनी म्हणाली,
कोट्टयमलाही तसंच.

दिवसभर मी मोजते, नोकरीच ती.
अल खुवैरच्या बावीस बंगल्यांची फरशी,
जिन्याच्या कठड्याचे मीटर,
मालकिणीने तिसऱ्यांदा बदललेला संगमरवर.
हेगिष्टे मॅडमचा आकडा म्हटलं
की साइटवर पुढे कुणी बोलत नाही.
रात्री स्वतःची फाइल उघडते
तेव्हा मात्र बेरीज दर वेळी वेगळी येते.

शिक्षणाचं कर्ज, दोन लाख चाळीस उरलंय.
ओंकारची फी.
चिपळूणला एक बेडरूम, तिसरा मजला,
पुराची रेषा खाली सोडून.
आणि सगळ्यात शेवटी, पिवळ्या रंगात:
दाढ. मे महिन्यात. गावी.

इथे एकशे दहा रियाल सांगितले.
मी दोनशे एकोणीसने गुणलं.
शायनी म्हणते, गुणणं सोड,
नाहीतर या देशात पाणीसुद्धा घशाखाली उतरायचं नाही.
पण सवय जात नाही. केस कापणं गुणते,
टॅक्सी गुणते, एक पेरू गुणला आणि परत ठेवला.
ऑक्टोबरपासून डावीकडून जेवते.

या बुधवारी आईचा अंदाज खरा ठरला.
एक्स्चेंजमध्ये रांग दारापर्यंत,
सगळ्यांच्या आया, बायका, भाऊ बरोबर निघाले होते.
टोकन एकाहत्तर.
रात्रभर ठणका, उजवा गाल पुरीसारखा.
काउंटरमागच्या बलुची म्हाताऱ्याने मान वर केली,
माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे बोट केलं
आणि तुटक्या हिंदीत म्हणाला, बैठो, बेटी.

बसले.
एकशे ऐंशी रियाल पर्समध्ये, पर्स मांडीवर,
मांडीवर दोन्ही हात.
एकाहत्तर आला. पडद्यावर तीनदा लुकलुकला.
बहात्तर उठला, पुढे गेला,
त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला.

संध्याकाळी आईला म्हटलं, नाही पाठवले,
दर उतरला गं अचानक.

वीसच आहे की, ती म्हणाली,
आत्ता बघितला मी.

मग मागची शिट्टी झालेली, गॅस बंद केल्याचा आवाज.
मग:
तू एका बाजूने का बोलतेयस?