इतिवृत्त

सभा सातची होती, सुरू झाली पावणेआठला,
तळमजल्यावर, टपालपेट्यांसमोर,
बसायला जिन्याच्या पायऱ्या.
फ्लॅट अकरा. हजर मालक चार, मी धरून.
उरलेल्यांपैकी पाच जणांची अधिकारपत्रं
एकाच तरुणाच्या खिशात. इस्त्रीचा शर्ट, कंपनीचा माणूस.
नाव सांगितलं त्याने. मी लिहायचं विसरलो.

विषय एकच: बाहेरच्या कठड्याला
कुलपासारख्या लटकणाऱ्या किल्ल्यांच्या पेट्या.
मोजल्या. सहा.
मागच्या ईस्टरला दोन होत्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या पोलिक्सेनीबाई म्हणाल्या,
रात्री अडीचला चाकांच्या बॅगा
एकेका संगमरवरी पायरीवर दात आपटत वर चढतात.
त्यापेक्षा विंचू बरा,
त्याचं बिऱ्हाड पाठीवर, निदान आवाज नाही.

थ्रासिवुलोस उठून उभा राहिला.
हो, आईचा फ्लॅट मी देतो. तिचा पलंग, तिच्या कपबश्या,
तिच्या खिडकीतून थोडंसं दिसणारं अक्रोपोलिस
(जाहिरातीत ‘थोडंसं’ नाही, हे त्याने कबूल केलं).
पेन्शन दोनदा कापली,
तेव्हा ही सभा कुणी बोलावली होती?

इथे दिवा गेला.
आमच्या जिन्यातला दिवा मिनिटभर जळतो,
मग कुणीतरी उठून बटण दाबायचं.
दाबलं. पुढे.

चौथ्या मजल्यावरची इस्मिनी शिक्षिका आहे, भाडेकरू.
तिला मत नाही. तिला बोलू द्यावं का
यावर वीस मिनिटं गेली.
मग ती एवढंच बोलली:
जूनअखेर मला घर सोडायचंय.
माझ्या वर्गात सत्तावीस मुलं होती, आता अकरा आहेत,
बाकीची कुठे गेली ते
शेवटच्या थांब्यावरच्या बसवाल्याला विचारा.
कंपनीच्या माणसाने मान हलवली, सहानुभूतीने,
आणि घड्याळ पाहिलं.

तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई,
असं पाहुण्यांबद्दल म्हणत पूर्वी.
आता तिसऱ्या दिवशी या इमारतीत
उरतो आम्हीच.

दिवा गेला. दाबलं.

तेवढ्यात चादरींच्या दोन पिशव्या घेऊन
नानुली उतरली, जॉर्जियाची, सहाही घरं तीच झाडते.
तुझं काय म्हणणं, कुणीतरी विचारलं, गंमत म्हणून.
म्हणाली, सगळीकडे पलंग तोच, समुद्राचं चित्र तेच,
खिडकी उघडल्यावरच कळतं मला, मी कितव्या मजल्यावर आहे.
काढा पेट्या.
पण माझा पगार मग कुठल्या पेटीत ठेवणार, तेही लिहा.
मी लिहिलं.

मतदानाला हात वर जाणार एवढ्यात
दाराबाहेर दोन म्हातारी माणसं, ओली,
फोनच्या उजेडात पेटीवरचे आकडे फिरवत.
एकदा. दोनदा. पेटी उघडेना.
पोलिक्सेनीबाई पुटपुटत बाहेर गेल्या,
न बघता चार आकडे फिरवले
(किती रात्री त्यांचीच बेल वाजली असेल),
किल्ली म्हाताऱ्याच्या हातात ठेवली
आणि खुणांनी समजावलं:
गरम पाण्याचं लाल बटण, आधी वीस मिनिटं.
म्हातारीने त्यांचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.
आत येऊन त्या म्हणाल्या,
माझं मत विरोधातच लिहा.

ठराव: गणसंख्येअभावी तहकूब.
पुढची तारीख: नंतर कळवण्यात येईल.
सही, व्यवस्थापक.

इतिवृत्तात नाही ते असं,
की सगळा वेळ माझ्या कोटाच्या आतल्या खिशात
एक पेटी होती, अजून वेष्टनातली.
कठड्याची जाडी मी परवाच मोजून ठेवलीय.
आकडे ठरवायचे आहेत. बायकोचं जन्मसाल सुचलं,
तिला काय वाटलं असतं, म्हणून सोडून दिलं.
तारखा तर सगळ्याच तिच्या निघतात.

सगळे गेले. दिवा पुन्हा गेला.
बटण माझ्या खांद्याशी होतं.
मी तसाच उभा राहिलो.
वर कुठेतरी चाकं
एक एक पायरी
चढत होती.