मध्यम

टेबलावर नकाशा पसरलाय.
एका कोपऱ्यावर मार्मलेडची बरणी,
दुसऱ्यावर चहाची किटली,
तिसरा मांजरीने आपणहून धरलाय.
चौथा सारखा वळतो. वळू दे.

शिवणाच्या डब्यातला लाल दोरा
मी हिरव्या तुटक रेषांवरून नेते:
चर्चच्या मागून, हेझलच्या राईतून,
ओढा धरून गिरणीपर्यंत,
मग टेकडीच्या बगलेतून परत चर्चपाशी.
दोरा उचलून पट्टीला लावते.
सहा मैल, आणि वर बोटभर.

पत्रकावर लिहायचं: वर्तुळाकार. एक दिवस. मध्यम.

मध्यम म्हणजे काय, हे कुणी अजून विचारलेलं नाही.
मध्यम म्हणजे ऑड्रीचा गुडघा
जिन्याबद्दल जेवढा कुरकुरतो तेवढाच कुरकुरेल.
मध्यम म्हणजे चढावर क्लाइव्हचं बोलणं थांबेल,
पण वर पोचल्यावर तो तिथूनच पुढे सुरू करेल.
मध्यम म्हणजे घरी जाऊन
बूट बसून काढायचे,
पण आपले आपण.

प्रॉसरला फोन केला,
शनिवारी वासरंवाल्या गाई कुठल्या शेतात असतील?
म्हणाला, गाईंना विचारून सांगतो.
गिरणीजवळच्या पबचं स्वयंपाकघर दोनला बंद होतं,
म्हणजे पावणेदोनला.
कुंपणं ओलांडायच्या लाकडी पायऱ्या नऊ,
त्यातली एक मोडकी, एक उंच,
एकीवर दोन्ही बाजूंनी खाजकुयली.
घड्याळाच्या दिशेने गेलो तर चढ सकाळी,
उलट गेलो तर ऊन डोळ्यांत.
(ऊन असलं तर. हा भाग मी लिहीत नाही.)

आल्या वाटेने कधीच परत यायचं नाही,
एवढा एकच नियम आम्ही पाळत आलो.
जिथून निघालो तिथेच पोचायला
दिवसभराचा द्राविडी प्राणायाम,
असं माझा भाऊ म्हणतो. तो गोल्फ खेळतो.

एक गोष्ट मात्र झाकली मूठ.
पहिल्या वर्षी आम्ही अकराजण होतो, मैलही अकरा.
मग दर वसंतात मी गुपचूप
एखादं शेत वगळत गेले,
एखादी राई, एक अख्खी दरी.
बोटं बारीक झाली की सोनाराकडून
अंगठी आवळून आणावी, तसा हा दोरा.
शब्द मात्र तोच ठेवला.

काल रात्री विनिफ्रेडचा फोन.
चौऱ्याऐंशीची आहे, भूगोल शिकवायची.
“रोझमंड, माझ्यासमोर पहिलं पत्रक आहे.
यात क्रो टंप होती.
टेकडी कुठे गेली?”

मी म्हटलं, तिकडे चिखल असतो.
म्हटलं, फाटक बदललंय,
म्हटलं, बसची वेळ.
ती ऐकत राहिली,
वर्गात ऐकत असणार तशी,
मुलगा खोटं बोलून दमेपर्यंत.

मग म्हणाली, “मी काही चढणार नाही, बावळट.
पायथ्याला बाक आहे, मी तिथे बसेन.
तुम्ही वर जा आणि हात हलवा.
कोणी कोणता हात हलवला ते मी खाली आल्यावर सांगेन.
आणि क्लाइव्हला आधी पाठव,
तेवढीच वीस मिनिटं शांतता.”

फोन ठेवल्यावर दोरा सोडवला.
मांजरीला उठवावं लागलं,
टेकडी तिच्या पोटाखाली होती.
वर जाणाऱ्या रेषा अगदी दाटीने,
बोट फिरवलं तरी धाप लागेल अशा.
दोरा त्यांच्यावरून नेला, माथ्याला वळसा दिला,
दुसऱ्या बाजूने बाकापाशी आणला.
पट्टीला लावला नाही.

पत्रकावर लिहिलं: मध्यम.
खाली बारीक अक्षरात:
बाक आहे. एकाने बसायचं आहे.
बसणारीचं नाव ठरलेलं आहे,
बाकीच्यांनी उगाच पाय दुखवू नयेत.